तपकिरी तारेचा माग

मॉरिस मायनरच्या बॅटरीपासून जाड केबल सेल्फच्या स्विचवर येते आणि तिथून एक तपकिरी तार निघते. ती कटाऊटच्या, म्हणजे डायनमोचं चार्जिंग सांभाळणाऱ्या, डब्यात शिरते आणि पुढे दिव्यांच्या व इग्निशनच्या स्विचला जाऊन मिळते. या सगळ्या वाटेवर फ्यूज नाही. किल्ली खिशात असो, गाडी कित्येक वर्षं शेडमध्ये उभी असो, बॅटरी जोडलेली असेल तर ही तार जिवंत असते. तिचं आवरण एका जागी फुटलं आणि आतलं तांबं पत्र्याला टेकलं, तर बॅटरीची सगळी ताकद त्या एका जागेतून वाहते. तार तापून लाल होते आणि एकाच जुडीत बांधलेल्या शेजारच्या तारांचं आवरण वितळवून पेटवते. बॉनेट उघडून बॅटरीच्या केबलचा बोल्ट पान्याने सैल करेपर्यंत आतलं बरंच काही जळून गेलेलं असतं.

म्हणून पडून राहिलेली जुनी मोटार ताब्यात आली, की तिला नवी बॅटरी लावून ‘बघू तरी सुरू होते का’ म्हणण्याचा मोह निग्रहाने आवरायला हवा. इंजिन बरं आहे की नाही ते नंतरही कळेल. वायरिंग बरं नसेल, तर ते कळण्याची पद्धत फार महागात पडते.

या प्रकरणासाठी मायनर निवडली, कारण तिचं वायरिंग आटोपशीर आहे आणि त्यातलं तर्कशास्त्र उघड दिसतं. अॅलेक इसिगोनिस यांनी आखलेली ही गाडी १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात लोकांसमोर आली आणि १९७१पर्यंत बनत राहिली. दहा लाखांचा टप्पा ओलांडणारी ती पहिली ब्रिटिश मोटार. तिच्यात ना संगणक, ना सेन्सर. दिवे, हॉर्न, वायपर, इग्निशन, पेट्रोलचा विजेवर चालणारा एसयू पंप, पेट्रोलचा काटा आणि डायनमो, एवढ्यात यादी संपते. तरीही दुर्लक्षित मायनरच्या बॉनेटखाली आज जे दिसतं, त्याने अनुभवी माणूसही गोंधळतो. त्याला कारखाना जबाबदार नाही. मधल्या पन्नास-साठ वर्षांत जो तो आपापली एकेक तार वाढवत गेला.

१९६१पर्यंतच्या मायनरला लुकलुकणारे इंडिकेटर नव्हते. दारामागच्या खांबातून एक छोटा उजळलेला हात बाहेर पडायचा. पुढे रस्त्यावरची वर्दळ वाढली, हे हात कुणाला दिसेनासे झाले, म्हणून मालकांनी बाजारातले इंडिकेटर बसवले. हातांच्या तारा मात्र खांबातच राहिल्या, कधी टोकाला टेप गुंडाळून, कधी तशाच. मग कुणी रेडिओ लावला, कुणी धुक्याचे दिवे, कुणी मागच्या काचेचा हीटर. प्रत्येकाने जिथे जिवंत तार सापडली तिथे आवरण सोलून जोड मारला, आणि वायर घेतली ती दुकानात त्या दिवशी मिळाली त्या रंगाची. वायरिंग बदलायला बसणाऱ्या माणसाला पन्नास वर्षांचा हा सगळा थर बाजूला करून खालचा मूळ आराखडा शोधावा लागतो.

तारा म्हाताऱ्या होतात म्हणजे नेमकं काय होतं, ते समजून घेऊ. सुरुवातीच्या गाड्यांत तांब्यावर रबर आणि रबरावर सुती वीण असायची. हे रबर हवेतल्या ऑक्सिजनने आणि इंजिनाच्या उष्णतेने वाळत जातं. तार हलवली नाही तोवर ते जागेवर असतं, वाकवली की भाजलेल्या पापडासारखं तुकडे होऊन गळून पडतं. म्हणून ‘इतकी वर्षं चालत होतं, मी फक्त डॅशबोर्ड काढला आणि शॉट झाला’ ही तक्रार खरीच असते. पुढे पीव्हीसी आलं. पीव्हीसी मुळात कडक. त्याला लवचीक ठेवण्यासाठी जे रसायन मिसळतात ते उष्णतेने हळूहळू उडून जातं. म्हणून एकाच जुडीतली तार डॅशबोर्डमागे मऊ लागते आणि एक्झॉस्टच्या नळकांड्याजवळ काडीसारखी मोडते.

तांब्याचं दुखणं वेगळं. तारेच्या टोकातून ओल आत शिरते आणि बारीक धाग्यांमधल्या फटींतून आवरणाखाली पुढेपुढे सरकते. टोक सोललं तर आत चकचकीत तांब्याऐवजी काळपट-हिरवे धागे निघतात. तुम्ही दोन सेंटिमीटर कापता, अजून काळं. आणखी पाच कापता, तरी काळंच. अशा तारेवर डाख धरत नाही आणि दाबून बसवलेलं टर्मिनलही वर्षभरात सैल होतं. कोकणात किंवा मुंबईच्या खाडीकाठी चार पावसाळे उघड्यावर काढलेल्या गाडीत हे हटकून आढळतं. आपल्याकडे त्यात उंदरांची भर पडते. सीटखालून जाणारी मागच्या दिव्यांची शाखा त्यांच्या सोयीची असते, आणि कुरतडलेली जागा वरून दिसत नाही.

आता थोडं गणित, कारण ते टाळलं तर पुढचे सगळे निर्णय अंदाजाने होतात. मायनरचे दोन्ही हेडलाइट अप्परवर ६० वॉटचे धरले, तर मिळून १२० वॉट, म्हणजे १२ व्होल्टवर १० अँपिअर. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या ४ मीटर तारेतून १० अँपिअर गेले, की सुमारे ०.७ व्होल्ट तारेतच खर्च होतात. हे तार नवी असताना. त्यात स्विच, डिपर आणि दोन-तीन गंजलेले जोड मिळवा. दिव्यापर्यंत पोहोचेतो सव्वा व्होल्ट सहज गेलेला असतो. फिलामेंटच्या बल्बचा उजेड मात्र व्होल्टेजच्या प्रमाणात उतरत नाही, त्याहून खूप वेगाने उतरतो. व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड सुमारे तीस टक्के घटतो. जुन्या गाडीचे पिवळे, मरगळलेले दिवे बघून लोक जास्त वॉटचे बल्ब आणतात. जास्त वॉट म्हणजे जास्त अँपिअर, म्हणजे त्याच दुबळ्या तारेत आणखी उष्णता. दोष तारेत आणि जोडात असताना शिक्षा पुन्हा तारेलाच होते.

वीज जाते तारेतून आणि परत येते पत्र्यातून, ही या गाड्यांची निम्मी गोष्ट आहे, आणि हार्नेसच्या, म्हणजे बांधून तयार केलेल्या तारांच्या जुडीच्या, खोक्यात ती नसते. प्रत्येक दिव्याची, पंपाची, हॉर्नची एक बाजू शेवटी गाडीच्या पत्र्याला टेकते आणि त्या पत्र्यातून वीज बॅटरीकडे परतते. दिव्याच्या बुडाशी गंज असेल किंवा रंगकाम करणाऱ्याने अर्थिंगच्या बोल्टवरही सुंदर रंग मारला असेल, तर नवं कोरं वायरिंग बसवूनही दिवा मंदच राहतो. एका बाजूचा इंडिकेटर लावला की मागचा दिवा फिका होऊन लुकलुकतो, हा प्रकार बहुतेक वेळा अर्थिंगचा असतो. वीज आपली परतीची वाट बंद झालेली बघून शेजारच्या फिलामेंटमधून घरी जाते.

याचं सर्वांत धोक्याचं रूप इंजिनाच्या अर्थिंगचं. इंजिन रबरी गुट्ट्यांवर बसलेलं असतं, त्यामुळे ते पत्र्यापासून अलग असतं. त्याला पत्र्याशी जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी कुणी काढून परत लावलीच नाही, तर सेल्फ मारताना शंभराहून अधिक अँपिअर परतीची दुसरी वाट शोधतात. ती वाट बऱ्याचदा चोकची केबल असते. केबल हाताला चटका बसेल इतकी तापते, तिच्या आवरणातून धूर येतो, आणि माणूस डॅशबोर्डमागे शॉर्ट शोधत बसतो. ही पट्टी नवी घेऊन तिच्या दोन्ही टोकांखालचा पत्रा पॉलिश पेपरने उजळ करणं, हे मी हार्नेसच्याही आधीचं काम मानतो.

इंग्लंडमध्ये जुन्या मोटारींचे शौकीन बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीला ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणतात. त्या काळातल्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांची विजेची सामग्री लुकासची होती, म्हणून रस्त्यात दिवे गेले की नाव त्यांचं निघे. मला हा शेरा अन्यायाचा वाटतो. साठ वर्षं पावसात भिजलेल्या जोडाने दगा दिला, तर तो जोड बनवणाऱ्याला किती बोल लावायचा? उलट या सामग्रीसोबत रंगांची जी पद्धत रुजली, ती इतकी नीट विचारलेली आहे की आजही अनोळखी गाडीत तिच्यावर विसंबून वाट काढता येते.

ती पद्धत अशी. तपकिरी म्हणजे बॅटरीची थेट, सदा जिवंत तार. तीच फ्यूजमधून पलीकडे गेली की जांभळी होते. हॉर्न आणि आतला दिवा तिच्यावर. पांढरी म्हणजे किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी. ती फ्यूज ओलांडून गेली की हिरवी. म्हणजे तारेचा रंग बघूनच कळतं की ती फ्यूजच्या अलीकडची आहे की पलीकडची. लाल साइड लाइट आणि टेल लाइटची, निळी हेडलाइटची, काळी अर्थिंगची. मूळ रंगावर दुसऱ्या रंगाची बारीक रेघ असेल तर ती त्या कुळातली उपशाखा: निळ्यावर पांढरी रेघ अप्पर, निळ्यावर लाल रेघ डिपर, हिरव्यावर जांभळी ब्रेक लाइट, हिरव्यावर लाल डावा इंडिकेटर आणि हिरव्यावर पांढरी उजवा. हे एकदा मनात बसलं, की डॅशबोर्डमागे टॉर्च धरून उताणं पडलेला माणूस नकाशाशिवाय बरंच अंतर जाऊ शकतो.

सुती विणीच्या तारांचे रंग मात्र साठ वर्षांत तेल-धुळीने एकसारखे मातकट होतात. तपकिरी, लाल, जांभळा, तिन्ही सारखेच दिसतात. अशा वेळी जुडीवरची टेप थोडी उकलावी. आत झाकलेल्या भागात रंग ताजा असतो.

जुना हार्नेस उपटण्याआधी तो वाचून काढायचा असतो. मोबाइलने भरपूर फोटो काढावेत, पण फोटोवर सगळी भिस्त ठेवू नये. फोटोत तारेमागची तार दिसत नाही. प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधावी आणि तिच्यावर रंग न लिहिता ठिकाण लिहावं: ‘कटाऊट, ए-१’, ‘डिपर, मधला’, ‘कॉइल, स्विचकडची बाजू’. रंग बघून कळेलच. ती तार कोणत्या स्क्रूखाली होती, हे सुटल्यावर कुठूनच कळत नाही. मायनरच्या कटाऊटवर ए, ए-१, एफ, डी आणि ई अशी पाच टोकं असतात. त्यातली डी आणि एफ ही डायनमोची टोकं अदलाबदल झाली, तर चार्जिंगचा सगळा कारभार बिघडतो. चिठ्ठ्या बांधताना मधल्या मालकांच्या तारा वेगळ्या ओळखू येतात. त्या प्रत्येकीचा माग काढून ती काय चालवत होती ते वहीत लिहावं, आणि त्यांतल्या कोणत्या सोयी पुढे हव्यात ते आत्ताच ठरवावं. नवा हार्नेस बसल्यावर आठवलेली सोय पुन्हा तोच सोलून मारलेला जोड मागते.

इंग्लंडमध्ये मायनरसारख्या लोकप्रिय गाड्यांचे तयार हार्नेस मिळतात, सुती विणीचे आणि पीव्हीसीचे, दोन्ही. गाडी अस्सल ठेवायची असेल तर विणीचा घ्यावा. आतली तार आधुनिकच असते. मागवताना गाडीचं साल आणि मॉडेल यांच्याबरोबर डायनमो की अल्टरनेटर, इंडिकेटर की हात, हेही सांगावं लागतं. तयार मिळत नसेल तर घरी बनवता येतो, आणि ते वाटतं तितकं अवघड नाही. जुना हार्नेस अखंड काढायचा, मोठ्या फळीवर पसरायचा, जिथे जिथे शाखा फुटते तिथे खिळे ठोकायचे आणि खिळ्यांमधून नव्या तारा एकेक करून ओढायच्या. कारखान्यांतही हार्नेस अशाच फळ्यांवर बनत. तारेची जाडी कामाप्रमाणे ठरते. ब्रिटिश मापात १४/०.३० म्हणजे ०.३० मिलिमीटरचे १४ धागे, सुमारे १ चौरस मिलिमीटर. टेल लाइट, इंडिकेटर यांना ती पुरते. हेडलाइटसाठी २८ धाग्यांची, म्हणजे २ चौरस मिलिमीटरची. तपकिरी मुख्य तारेला निदान ४४ धाग्यांची. घरातल्या वायरिंगची एकसंध तार मोटारीत कधीही वापरू नये. ती हादऱ्यांनी आतून मोडते आणि आवरण मात्र शाबूत राहतं.

जोडांबद्दल गॅरेजांत दोन पंथ आहेत, डाखवाले आणि दाबवाले. डाख धाग्यांमध्ये वर चढतो आणि जिथे संपतो तिथे लवचीक तार अचानक ताठ होते. हादऱ्याने ती नेमकी तिथेच तुटते. त्यामुळे चांगल्या रॅचेट पकडीने दाबून बसवलेलं टर्मिनल मला जास्त भरवशाचं वाटतं. अडकित्त्यासारखी पातळ पकड घेऊन चेपलेलं टर्मिनल मात्र डाखापेक्षाही वाईट. ब्रिटिश गाड्यांतली पितळी बुलेट कनेक्टरं ४.७ मिलिमीटरची असतात. बुलेटला डाख लावायचाच तर राळेचा फ्लक्स वापरावा, आम्लाचा नाही, कारण आम्ल पुढे कित्येक महिने तांबं खात बसतं. जुडीला गुंडाळायला गोंद नसलेली हार्नेस टेप मिळते. साधी चिकट टेप उन्हाळ्यात पाझरते, आणि पुन्हा कधी उघडायची वेळ आली की हात काळे होतात.

जुनी शाखा पोकळ खांबातून किंवा पत्र्यामागून ओढून काढताना तिच्या शेपटाला मजबूत दोरी बांधावी. शाखा बाहेर येते, दोरी आत राहते आणि तीच दोरी नव्या शाखेला वाट दाखवते. पत्र्याच्या प्रत्येक भोकात नवं रबरी ग्रोमेट हवंच. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भोकात ग्रोमेट नसेल, तर त्याची धार नव्या तारेलाही वर्षा-दोन वर्षांत कापते.

एक निर्णय इथेच घ्यावा. मायनरला मुळात दोनच फ्यूज: एक सदा जिवंत तारेसाठी, एक किल्लीवरच्या तारेसाठी. ते ३५ अँपिअरचे. सतत चालायचं तर त्यांची मर्यादा साधारण १७. हेडलाइट, इग्निशन आणि पेट्रोलपंप यांना फ्यूजच नाही. हेडलाइट एकाच फ्यूजवर ठेवले तर तो उडाल्यावर रात्री भर वेगात दोन्ही दिवे एकदम जातील, असं यामागचं कारण सांगितलं जातं, आणि त्यात तथ्य आहे. पण डाव्या-उजव्या दिव्यांना स्वतंत्र फ्यूज देऊन हा प्रश्न सहज सुटतो. डॅशबोर्डमागे एक छोटा फ्यूजबॉक्स लपवावा, हेडलाइटसाठी रिले लावावा म्हणजे १० अँपिअर जुन्या स्विचमधून जाणार नाहीत, आणि बॅटरीजवळ सगळं तोडणारा एक मुख्य स्विच द्यावा. अस्सलपणाचा आग्रह धरणाऱ्यांना हे खटकतं. माझं मत पक्कं आहे: जळालेल्या गाडीत अस्सल काहीच उरत नाही.

बॅटरी जोडण्याआधी तिची दिशा तपासायची. मायनरमध्ये बॅटरीचं धन टोक पत्र्याला असतं, आजच्या गाड्यांच्या नेमकं उलट. एखाद्या जुन्या मालकाने ते बदललेलंही असू शकतं. बल्ब आणि हॉर्न यांना दिशेशी देणंघेणं नसतं, पण रेडिओ, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि एलईडी यांना असतं, आणि यातलं काही चुकीच्या दिशेने क्षणभर जोडलं तरी संपतं.

पहिल्यांदा वीज सोडताना बॅटरीची जिवंत केबल थेट जोडू नये. मध्ये २१ वॉटचा ब्रेक लाइटचा बल्ब ठेवावा. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटेल, बस्स. पावणेदोन अँपिअरहून जास्त वीज जाऊच शकणार नाही आणि नव्या तारा वाचतील. सगळं बंद असताना बल्ब विझलेला राहिला, की एकेक फ्यूज बसवत, एकेक स्विच दाबत पुढे जायचं. सगळं निर्धोक दिसलं की मगच थेट जोडणी. किल्ली फिरवल्यावर एसयू पंप टकटक करतो आणि पेट्रोल भरलं की थांबतो. थांबला नाही तर दोष तारेत नाही, पेट्रोलच्या वाटेत आहे.

पुढची तपासणी बहुतेक जण करत नाहीत, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. नुसत्या तारेचा अडथळा मीटरने मोजून काही कळत नाही. वीस धाग्यांपैकी एकच धागा शाबूत असला तरी मीटर ‘ठीक’ म्हणतं. दिवे पूर्ण लावून, वीज वाहत असताना मोजायचं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थिंगच्या टोकावर, दुसरं हेडलाइटच्या अर्थिंगवर. ०.२ व्होल्टच्या आत आकडा आला तर परतीची वाट साफ. अर्धा व्होल्ट आला तर मधल्या प्रत्येक बोल्टवर तीच चाचणी करत मागे यायचं. आकडा जिथे एकदम पडतो, तो बोल्ट दोषी. जिवंत बाजूलाही तसंच, बॅटरीपासून दिव्यापर्यंत.

डॅशबोर्डवरचा लाल चार्जिंगचा दिवा याच वेळी समजून घ्यावा. तो किल्लीवरची पांढरी तार आणि डायनमोचं डी टोक यांच्या मध्ये बसलेला असतो. इंजिन बंद असताना डायनमो म्हणजे जणू पत्र्याला जोडलेली तार, म्हणून दिवा लागतो. डायनमो फिरून बॅटरीइतका दाब तयार करू लागला, की दिव्याच्या दोन्ही बाजू सारख्या होतात आणि तो विझतो. इंजिन सुरू झाल्यावर तो मंद जळत राहिला, तर कुठेतरी दोन बाजूंत फरक उरलेला आहे: जोड सैल, कटाऊटचे पॉइंट काळे किंवा डायनमोचे कार्बन झिजलेले. हा डायनमो भर वेगातही फार तर २२ अँपिअर देतो. हेडलाइट, हीटर आणि वायपर एकदम चालवून वर संगीतही लावायचं असेल, तर हिशोब करावा लागतो.

हे सगळं इंग्लंडातल्या गाडीचं झालं, पण त्यातलं बरंच आपल्याकडे जसंच्या तसं लागू पडतं. १९५८ ते २०१४ एवढा काळ उत्तरपाड्याला बनत राहिलेली अँबॅसडर मुळात मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज ३, आणि १९६१ साली मद्रासमध्ये लुकास-टीव्हीएस उभी राहिली. त्यामुळे जुन्या अँबॅसडरवर काम करणाऱ्याला ब्रिटिश रंगांची ओळख कामी येते. कुर्ल्याला बनलेल्या पद्मिनीवर मात्र हे रंग लावू नयेत. ती फियाट ११००. तिची रंगपद्धत इटालियन आणि बॅटरीचं ऋण टोक पत्र्याला.

काम संपल्यावर पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर सगळे स्क्रू पुन्हा आवळावेत. नव्या टर्मिनलखाली ते थोडे बसतात. बदललेल्या सर्किटचा नकाशा नव्याने काढून गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा, जादा फ्यूजबॉक्स नेमका कुठे आहे त्यासकट. जुना हार्नेस त्याच्या चिठ्ठ्यांसह पोत्यात घालून निदान वर्षभर ठेवावा. एखादी शाखा आखूड पडली किंवा एखाद्या तारेचं ठिकाण विसरलं, तर खरं माप त्यातच सापडतं.